जपानीत ‘होता’ पुन्हा पुन्हा चुकतो: नाम आणि विशेषणांच्या भूतकाळाचं समस्या निवारण

‘ओइशिइ देशिता.’ म्हणायचं असतं ‘चविष्ट होतं’, पण हे रूप चुकीचं आहे. जपानी शिकणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी हे वाक्य एकदा बसलं की लवकर हलत नाही. शिक्षक सुधारतात, वहीत लाल खूण होते आणि पुढच्या आठवड्यात ‘सामुइ देशिता’ (‘थंडी होती’साठी) येतं. नियम विचारला तर घडाघडा सांगता येतो. बऱ्याचदा जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-५ ही पहिली पातळीही पार झालेली असते, पण तिथे बोलायचं नसतं आणि वाक्य लिहायचंही नसतं. पर्यायांतून बरोबर रूप ओळखता येणं वेगळं आणि बोलण्याच्या ओघात तेच तोंडात येणं वेगळं. त्यामुळे परीक्षा पास झाली तरी दोष जिथल्या तिथे राहतो.

मूळ कुठे आहे ते आधी पाहू. चहा गरम होता. खोली शांत होती. ते शिक्षक होते. काल सुट्टी होती. मराठीत चारही वाक्यांत काळाचा भार एकटा ‘होता’ उचलतो. विशेषणाला लिंग-वचन लागेल, पण काळ कधीच लागत नाही. जपानीत यातलं पहिलं वाक्य बाकी तिघांपासून फुटून निघतं. ‘आत्सुइ’ म्हणजे गरम. त्याचा भूतकाळ त्या शब्दाच्या पोटातच होतो: ‘आत्सुकात्ता’. उरलेल्या तिघांना ‘देशिता’ चालतं: ‘शिझुका देशिता’, ‘सेन्सेइ देशिता’, ‘यासुमि देशिता’. मनात ‘होता’ उमटला की हात ‘देशिता’कडे जातो, आणि खालची बहुतेक लक्षणं तिथूनच येतात.

लिहिण्याबद्दल एक सूचना. इथे जपानी शब्द उच्चाराप्रमाणे न लिहिता काना लिपीतल्या अक्षरांप्रमाणे लिहिले आहेत (काना म्हणजे जपानी अक्षरमाला). ‘देशिता’ बोलताना ‘देश्ता’ ऐकू येतं आणि ‘देसु’ चं ‘देस’ होतं. तरी लिहिताना ती अक्षरं पुरी ठेवली आहेत. यामागचं कारण तपासणी २ मध्ये कळेल.

लक्षणं

आपल्या बोलण्यात किंवा वहीत यातलं काय सापडतं ते पाहा.

– ‘ओइशिइ देशिता’, ‘सामुइ देशिता’, ‘ओमोशिरोइ देशिता’. सगळ्यात जास्त आढळणारं.
– याच्या उलट: ‘किरेकात्ता’, ‘गेंकात्ता’, ‘सुकिकात्ता’. ‘कात्ता’ची गोडी लागली की ते नको तिथेही चिकटतं.
– दुहेरी भूतकाळ: ‘ताकाकात्ता देशिता’.
– नकारात गोंधळ: ‘ताकाकुनाइ देशिता’, ‘ताकाइ ज्या नाकात्ता’, ‘शिझुकाकु नाकात्ता’.
– ‘इइकात्ता’. किंवा सुधारणा अंगात भिनून ‘कावायोकात्ता’.
– ‘ताकाइ दात्ता तो ओमोइमासु’, ‘शिझुका ना देशिता’.
– ‘वर्गात दहा जण होते’ यासाठीही ‘देशिता’.
– वाक्याच्या सुरुवातीला ‘किनोउ’ (काल) आणि शेवटी ‘देसु’. मराठीत ‘काल सुट्टी’ एवढ्यावर भागतं, म्हणून हे कानाला खटकत नाही.

बहुतेकांत दोन-तीन लक्षणं एकत्र असतात. तरी तपासण्या खालच्या क्रमानेच करा. पहिल्या तीनांना एक फोन आणि एक पेन्सिल पुरते, आणि निम्म्याहून जास्त दुरुस्ती तिथेच होऊन जाते.

तपासणी १: आवाज रेकॉर्ड करा आणि फक्त शेवट ऐका

काल काय केलं, काय खाल्लं, हवा कशी होती यावर न थांबता मिनिटभर जपानीत बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. आधी लिहून काढू नका. मग ऐकताना प्रत्येक वाक्याचे फक्त शेवटचे दोन शब्द कागदावर उतरवा. ‘देशिता’च्या लगेच आधी ‘इ’ येतो तिथे खूण करा. खूण झालेली प्रत्येक जागा चूक असेलच असं नाही (‘गाकुसेइ देशिता’ अगदी बरोबर आहे), पण संशय घ्यायच्या जागा त्याच.

या तपासणीने दोष कोणत्या प्रकारचा आहे ते कळतं. ऐकताना चूक स्वतःलाच लगेच टोचली, तर नियम पक्का आहे आणि सवय कच्ची आहे. तुम्हाला पुढचं व्याकरण पुन्हा वाचण्याची गरज नाही. सरळ तपासणी ९ वर जा. ऐकूनही काही खटकलं नाही, तर शब्दांचे गट किंवा रूपं यांत घोळ आहे. त्यासाठी क्रमाने पुढे चला. सवयीच्या दोषावर व्याकरणाचा मारा करण्यात फार वेळ वाया जातो.

तपासणी २: वही उघडा

पुण्या-मुंबईच्या वर्गांत सुरुवातीचे शब्द देवनागरीत टिपून घेण्याची पद्धत सर्रास दिसते. सोय म्हणून ठीक आहे, पण या विषयात ती घात करते. ‘ओइशी’, ‘गेंकी’, ‘सुकी’, ‘ओओकी’: वहीत चौघांच्याही शेवटी सारखीच वेलांटी. डोळ्याला चौघे एका घरचे वाटतात. काना लिपीत लिहिलं की फरक उघड होतो. ‘ओ-इ-शि-इ’ आणि ‘ओ-ओ-कि-इ’ यांच्या शेवटी सुटा ‘इ’ आहे. ‘गे-न्-कि’ आणि ‘सु-कि’ यांच्या शेवटी ‘कि’ आहे, सुटा ‘इ’ नाहीच. ‘कात्ता’ लागताना काढायचा असतो तो हा सुटा ‘इ’. जिथे तो नाही तिथे काढणार काय? ‘गेंकात्ता’ आणि ‘सुकिकात्ता’ ही रूपं बहुधा या वेलांटीतूनच जन्मतात.

याच वहीमुळे आणखी एक बिघाड होतो. ‘ओइशिइ’चं भूतकाळी रूप ‘ओइशिकात्ता’: शेवटचा ‘इ’ गेला आणि ‘शि’ ऱ्हस्व राहिला. वहीत ‘ओइशी’ असेल तर ‘ओइशीकात्ता’ असं लांबवलं जातं. तसंच ‘ओओकिइ’चं ‘ओओकिकात्ता’, आणि ‘चिइसाइ’चं ‘चिइसाकात्ता’. तिथे सुरुवातीचा ‘इ’ शाबूत राहतो, कारण तो शब्दाच्या मधला आहे. आणि ‘देश्ता’ असं टिपून ठेवणारे पुढे काना लिहिताना किंवा टाइप करताना ‘शि’ गाळतात.

उपाय साधा आहे. वहीतली सगळी विशेषणं एकदा हिरागानात (कानाचा रोजच्या वापरातला प्रकार) लिहून काढा. शेवटचा सुटा ‘इ’ वेगळ्या रंगाने रंगवा. सुरुवातीच्या पातळीवर ही विशेषणं फार नसतात. एका बैठकीचं काम आहे. रोमन लिपीतल्या नोंदी असतील तर त्याही काढून टाका, त्यांतही ‘गेंकि’ आणि ‘ओइशिइ’ शेवटी सारखेच दिसतात.

तपासणी ३: शब्द कोणत्या गटाचा आहे ते नामाच्या पुढे ठेवून पाहा

जपानीत विशेषणांचे दोन मोठे गट आहेत आणि भूतकाळ गटावर ठरतो. शब्दाचा शेवट पाहून गट ओळखायला गेलं तर फसगत होते. नामापुढे ठेवून पाहणं हीच खात्रीची कसोटी.

‘ताकाइ होन’ (महाग पुस्तक): मध्ये काही लागलं नाही. हा इ-गट. भूतकाळ ‘ताकाकात्ता देसु’.

‘शिझुका ना हेया’ (शांत खोली): मध्ये ‘ना’ आला. हा ना-गट. भूतकाळ ‘शिझुका देशिता’, आणि घरगुती बोलीत ‘शिझुका दात्ता’.

‘ब्योउकि नो हितो’ (आजारी माणूस): मध्ये ‘नो’ आला, म्हणजे हे नामच. मराठीत ‘आजारी’ विशेषण आहे म्हणून जपानीतही असेल असं नाही. भूतकाळ नामासारखा: ‘ब्योउकि देशिता’.

आता फसवे शब्द. ‘किरेइ’ (सुंदर, स्वच्छ), ‘यूमेइ’ (प्रसिद्ध), ‘तेइनेइ’ (नम्र, नीटस), ‘शित्सुरेइ’ (उद्धट), ‘किराइ’ (नावडतं), ‘तोकुइ’ (हातखंडा असलेलं). सगळ्यांच्या शेवटी सुटा ‘इ’ आहे आणि सगळे ना-गटातले आहेत. यांतल्या पहिल्या चारांसाठी एक पक्की खूण आहे: खऱ्या इ-विशेषणात शेवटच्या ‘इ’च्या आधी ‘आ’, ‘इ’, ‘उ’ किंवा ‘ओ’ हाच स्वर असतो (ताकाइ, ओइशिइ, सामुइ, ओमोशिरोइ). तिथे ‘ए’ नसतो. म्हणून ‘एइ’ने संपणारा शब्द दिसला की ‘कात्ता’ विसरायचं. ‘किराइ’ आणि ‘तोकुइ’ मात्र या खुणेत सापडत नाहीत, ते पाठच करावे लागतात. कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी चित्राक्षरं) वाचता येत असेल तर आणखी एक मदत होते. ‘यूमेइ’, ‘तेइनेइ’, ‘तोकुइ’ यांचा ‘इ’ कांजीच्या आत दडलेला असतो, तर इ-विशेषणांचा ‘इ’ कांजीच्या बाहेर हिरागानात लिहिलेला असतो. ‘किराइ’ इथेही अपवाद आहे.

रंगांतही अशीच फूट आहे. लाल, निळा, पांढरा, काळा (आकाइ, आओइ, शिरोइ, कुरोइ) इ-गटात: ‘आकाकात्ता देसु’. हिरवा ‘मिदोरि’ आणि जांभळा ‘मुरासाकि’ ही नामं: ‘मिदोरि देशिता’. ‘ओओकिना’ आणि ‘चिइसाना’ ही रूपं फक्त नामाच्या आधी येतात. वाक्याच्या शेवटी आणायची वेळ आली की ‘ओओकिइ’, ‘चिइसाइ’ कडे वळा.

कानसाइ (ओसाका-क्योतोकडच्या) भागातल्या कुणाकडून ‘किरेकात्ता’ ऐकलं असेल, तर तो तिथल्या बोलीचा भाग आहे. परीक्षेत, पत्रात आणि कार्यालयात ‘किरेइ देशिता’.

तपासणी ४: भूतकाळाच्या खुणा मोजा, एकच हवी

वाक्याच्या शेवटात भूतकाळ किती वेळा आला ते मोजा. ‘ताकाकात्ता देशिता’: दोन वेळा. ‘ताकाइ देशिता’ मध्ये एकदाच आहे, पण चुकीच्या जागी. ‘ताकाकात्ता देसु’: एकदाच, योग्य जागी.

यामागचं कारण कळलं की पाठांतराचं ओझं कमी होतं. ‘आरु’ म्हणजे असणे, आणि त्याचा भूतकाळ ‘आत्ता’. ‘ताकाकात्ता’ हे मुळात ‘ताकाकु आत्ता’ आहे, बोलता बोलता आवळलं गेलेलं. ‘दात्ता’ हे ‘दे आत्ता’. ‘नाकात्ता’ हे ‘नाकु आत्ता’. म्हणजे तुम्ही ‘देशिता’मध्ये शोधत असलेला ‘होता’ ‘ताकाकात्ता’च्या पोटात आधीच बसलेला आहे. त्यावर पुन्हा ‘देशिता’ लावलं तर ‘महाग होतं होतं’ असं होतं.

मग ‘ताकाकात्ता देसु’ मधलं ‘देसु’ कशाला? फक्त अदबीसाठी. ते काढलं तर वाक्य मोडत नाही, नुसतं घरगुती होतं. इ-विशेषणामागे ‘देसु’ लावणं हेच मुळात वादाचं होतं. १९५२ साली जपानच्या राष्ट्रीय भाषा परिषदेने (कोकुगो शिंगिकाइ) आदरार्थी भाषेविषयी केलेल्या शिफारशींत ‘ओओकिइ देसु’, ‘चिइसाइ देसु’ अशी रूपं सोपी-सुटसुटीत म्हणून मान्य करायला हरकत नाही, असं म्हटलं गेलं. म्हणजे हे ‘देसु’ उशिरा जोडलं गेलेलं आहे आणि काळाचं काम त्याच्याकडे कधीच आलं नाही. नामाच्या आणि ना-विशेषणाच्या मागचं ‘देसु’ मात्र वाक्य तोलून धरतं, म्हणून तिथे काळही त्यालाच लागतो. दिसायला दोन्ही ‘देसु’ सारखे, काम मात्र वेगळं.

जाता जाता ‘दा’बद्दल. इ-विशेषणामागे ‘दा’ किंवा ‘दात्ता’ कधीच लागत नाही. ‘ताकाइ दात्ता’ हे ‘ताकाइ देशिता’चंच घरगुती भावंड आहे.

तपासणी ५: नकार

इथे मराठी खरोखर मदतीला येते. ‘महाग नाही’चा भूतकाळ करताना आपण ‘नाही होतं’ म्हणत नाही, ‘नाही’लाच बदलून ‘नव्हतं’ करतो. जपानीत तेच घडतं. ‘नाइ’ हे स्वतः इ-विशेषणासारखं चालतं, म्हणून ‘नाइ’चं ‘नाकात्ता’. आधीचा भाग वर्तमानात होता तसाच राहतो.

ताकाकु नाइ देसु → ताकाकु नाकात्ता देसु
शिझुका ज्या नाइ देसु → शिझुका ज्या नाकात्ता देसु
गाकुसेइ ज्या नाइ देसु → गाकुसेइ ज्या नाकात्ता देसु

इ-गटाला ‘कु’, बाकी दोघांना ‘ज्या’ (औपचारिक लेखनात ‘देवा’). ‘शिझुकाकु नाकात्ता’ किंवा ‘ताकाइ ज्या नाकात्ता’ म्हणजे एका गटाची जोडणी दुसऱ्याला लागलेली. तपासणी ३ मध्ये परत जा.

एक खरा अडथळा आहे आणि पुस्तकं तो पुरेसा उलगडत नाहीत. ‘ताकाकु आरिमासेन देशिता’ हेही बरोबर आहे! शिकणाऱ्याला इ-विशेषणाच्या वाक्यात ‘देशिता’ दिसतं आणि तो ‘ताकाइ देशिता’ही चालत असेल असं समजतो. इथलं ‘देशिता’ ‘आरिमासेन’ला लागलेलं आहे. ‘मासेन’ या नकाराला स्वतःचं भूतकाळी रूप नाही, म्हणून तो ‘देशिता’ उसनं घेतो. ‘ताबेमासेन देशिता’ मध्येही तेच. विशेषणाशी त्याचा संबंध नाही. दोष जाईपर्यंत बोलताना ‘नाकात्ता देसु’ हे एकच रूप वापरा आणि ‘आरिमासेन देशिता’ फक्त वाचताना ओळखा. दोन्ही एकदम सांभाळायला गेलं की ‘नाइ देशिता’सारखी खिचडी तयार होते.

तपासणी ६: आडमुठे शब्द

‘इइ’ (चांगलं) या शब्दाची रूपं ‘योइ’ या जुन्या रूपावरून होतात: ‘योकात्ता’, ‘योकु नाकात्ता’. ‘इइ’ शेवटी असलेले जोडशब्दही तसेच चालतात, म्हणून ‘काक्कोइइ’चं ‘काक्कोयोकात्ता’. पण ‘कावाइइ’ (गोड, गोजिरं) मध्ये ‘इइ’ हा वेगळा शब्द नाही. त्याचं साधं ‘कावाइकात्ता’ होतं.

‘योकात्ता’ एकटं म्हटलं तर ‘बरं झालं’. हरवलेलं पाकीट सापडल्यावर जपानी माणूस हेच म्हणतो.

‘आबुनाइ’ (धोक्याचं), ‘कितानाइ’ (घाणेरडं), ‘सुकुनाइ’ (थोडं), ‘त्सुमारानाइ’ (कंटाळवाणं) यांत ‘नाइ’ दिसतं, पण वाक्य होकारी आहे. ‘आबुनाकात्ता’ म्हणजे धोक्याचं होतं. धोक्याचं नव्हतं म्हणायचं तर ‘आबुनाकु नाकात्ता’. घाईत बोलताना याने अर्थच उलटा होतो, म्हणून हे चार शब्द वेगळे घोटावेत.

इच्छेचं ‘ताइ’ (ताबेताइ, खायचंय) आणि ‘होशिइ’ (हवंय) इ-गटासारखे चालतात: ‘ताबेताकात्ता’, ‘होशिकात्ता’. ‘सारखा’ या अर्थाचं ‘मिताइ’ दिसायला त्यांच्यासारखं, पण चाल ना-गटाची: ‘कोदोमो मिताइ दात्ता’ (लहान मुलासारखं होतं).

तपासणी ७: मुळात तिथे विशेषण किंवा नाम आहे का?

इथून पुढे काम जड होतं. आतापर्यंत रूप चुकत होतं. इथे वाक्याची जातच चुकते. मराठी ‘होता’ जपानीत निदान चार ठिकाणी विभागला जातो.

ओळख सांगणारा: ‘ते शिक्षक होते’ → ‘सेन्सेइ देशिता’. अस्तित्व सांगणारा, सजीवासाठी: ‘तिथे शिक्षक होते’ → ‘सेन्सेइ गा इमाशिता’. अस्तित्व किंवा मालकी, निर्जीवासाठी: ‘माझ्याकडे पुस्तक होतं’ → ‘होन गा आरिमाशिता’. कार्यक्रम, परीक्षा, बैठक झाली याही अर्थी ‘आरिमाशिता’: ‘काल परीक्षा होती’ → ‘किनोउ शिकेन गा आरिमाशिता’. ओळखण्याची युक्ती अशी: ‘होता’च्या जागी ‘हजर होता’ किंवा ‘पार पडला’ बसत असेल, तर ‘देशिता’ नको.

चौथं ठिकाण क्रियापदाचं. मराठीत जी स्थिती विशेषणाने सांगतो ती जपानीत अनेकदा क्रियापदाने सांगतात. ‘तो जाड होता’ → ‘फुतोत्ते इमाशिता’. ‘मी दमलो होतो’ → ‘त्सुकारेते इमाशिता’. ‘भूक लागली होती’ → ‘ओनाका गा सुइते इमाशिता’. ‘वेगळं होतं’ → ‘चिगाइमाशिता’, घरगुती ‘चिगात्ता’. या शेवटच्याला तरुण जपानी मंडळी सर्रास ‘चिगाकात्ता’ म्हणतात. ऐकून समजून घ्या, लिहू नका.

‘आवडलं’ची अडचण खास आपली आहे. नवा पदार्थ चाखून आपण ‘मला आवडलं’ म्हणतो. रूप भूतकाळी, अर्थ आत्ताचा. त्याचं ‘सुकि देशिता’ केलं तर ऐकणाऱ्याला वाटतं पूर्वी आवडायचं, आता नाही. यजमानासमोर हे बरं दिसत नाही. आत्ता आवडलं असेल तर ‘सुकि देसु’, किंवा पसंतीस उतरलं या अर्थी ‘कि नि इरिमाशिता’. ‘ओइशिइ’ मात्र वेळेप्रमाणे बदलतं: घास तोंडात असताना ‘ओइशिइ देसु’, ताट रिकामं झाल्यावर ‘ओइशिकात्ता देसु’.

तपासणी ८: जोडवाक्यं

साधं वाक्य सुधारलं तरी लांब वाक्यात दोष परत डोकं काढतो. तीन जागा पाहा.

दोन विशेषणं जोडताना काळ फक्त शेवटच्याला लागतो. मराठीतही तसंच आहे, म्हणून हे सोपं जायला हवं. पुण्यातल्या पुलं देशपांडे उद्यानाबद्दल, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यानाबद्दल सांगायचं तर: ‘निवा वा हिरोकुते, शिझुका देशिता’ (बाग प्रशस्त आणि शांत होती). क्रम उलटा केला की शेवट बदलतो: ‘निवा वा शिझुका दे, हिरोकात्ता देसु’. काळ शेवटच्या शब्दाच्या गटाप्रमाणे लागतो. ही दोन वाक्यं आलटून पालटून म्हणणं हा उत्तम सराव आहे.

‘तो ओमोइमासु’ (असं वाटतं) च्या आधी घरगुती रूप येतं: ‘ताकाकात्ता तो ओमोइमासु’, पण ‘आमे दात्ता तो ओमोइमासु’ (‘आमे’ म्हणजे पाऊस). इ-गटाला ‘दात्ता’ नाही, नामाला आणि ना-गटाला आहे. कारण सांगणाऱ्या ‘न् देसु’च्या आधीही हीच वाटणी: ‘ताकाकात्ता न् देसु’, ‘गाकुसेइ दात्ता न् देसु’.

नामाच्या आधी भूतकाळ आणायचा असेल तर ‘ताकाकात्ता होन’, ‘शिझुका दात्ता माचि’, ‘गाकुसेइ दात्ता हितो’. ‘ना’ आणि ‘नो’ इथे गळून पडतात, त्यांची जागा ‘दात्ता’ घेतो. ‘शिझुका ना देशिता’मध्ये दोन्ही एकदम ठेवण्याचा प्रयत्न झालेला असतो.

तपासणी ९: वेगाखाली चाचणी

नियम कळूनही तोंड चुकत असेल तर हे करा. दहा शब्द निवडा: चार इ-गटातले, तीन ना-गटातले (त्यांत ‘किरेइ’ हवाच), दोन नामं आणि ‘इइ’. प्रत्येकाची चार अदबीची रूपं: आहे, नाही, होतं, नव्हतं. झाली चाळीस. चिठ्ठ्या करून फेटा, एक उचला आणि चारही रूपं मोठ्याने म्हणा. सुरुवातीला सावकाश, मग एका चिठ्ठीला साधारण पाच सेकंद. अडखळलेली चिठ्ठी परत ढिगात टाका. चाळीसच्या चाळीस न अडखळता आली की मगच घरगुती रूपांवर जा. दोन्ही पातळ्या एकत्र घोटू नका.

गट मिसळून घेणं इथे महत्त्वाचं आहे. पाठ्यपुस्तकात इ-विशेषणांचा सराव एका पानावर आणि ना-विशेषणांचा दुसऱ्या पानावर असतो. त्या पानावर सगळी उत्तरं एकाच साच्यात येतात आणि गट ठरवण्याची वेळच येत नाही, जी खऱ्या बोलण्यात प्रत्येक वाक्यात येते. रोज दहा मिनिटं पुरेत. दोन आठवड्यांनी तपासणी १ पुन्हा करा आणि जुनी ध्वनिफीत नवीनशी ताडून पाहा.

कधी थांबायचं आणि जाणकाराकडे जायचं

दोन आठवड्यांच्या सरावानंतरही रेकॉर्डिंगमध्ये त्याच चुका तितक्याच दिसत असतील, तर एकट्याने पुढे रेटू नका. चूक होताक्षणी थांबवणारा माणूस लागतो. शिक्षकाला सांगताना ‘माझा भूतकाळ कच्चा आहे’ असं मोघम सांगू नका. ध्वनिफीत आणि खुणा केलेला कागद घेऊन जा आणि प्रत्येक चुकीला लगेच अडवायला सांगा. संपूर्ण पाठ पुन्हा घेण्यापेक्षा असं एक सत्र जास्त काम करतं.

नोकरीचा अर्ज, व्हिसाची कागदपत्रं, करार, तक्रारीचं पत्र यांत स्वतःच्या दुरुस्तीवर भरवसा ठेवू नका. जपानी मातृभाषा असलेल्या किंवा अनुवादाचं काम करणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. डॉक्टरांना पूर्वीच्या आजाराची माहिती देताना तर दुभाषाच हवा. ‘आजार होता’ आणि ‘आजार आहे’ यांतला फरक, किंवा ‘आबुनाकात्ता’ आणि ‘आबुनाकु नाकात्ता’ यांची अदलाबदल तिथे महागात पडू शकते.

आदरार्थी रूपं हाही वेगळा प्रांत आहे. ‘देशिता’चं ‘दे गोझाइमाशिता’ होतं आणि इ-विशेषणांचा शेवट ‘उ’कडे वळतो. ‘आरिगातोउ गोझाइमाशिता’ त्याच साच्यातलं आहे: मूळ विशेषण ‘आरिगाताइ’. उपाहारगृहात ‘योरोशिकात्ता देशोउ का’ असं विचारतात. त्या भूतकाळी प्रश्नावर खुद्द जपान्यांतच वाद आहे, तेव्हा ते ना सुधारायला जा ना उचला. ओसाकाकडे ‘दात्ता’च्या जागी ‘यात्ता’ ऐकू येईल. जपानी कंपनीत ग्राहकांशी बोलायचं काम असेल तर यासाठी व्यावसायिक जपानीचा स्वतंत्र वर्ग लावा, आणि तोही वरच्या चाळीस रूपांत एकही अडखळ उरली नसेल तेव्हाच.